केळवणांचा वैशाख

वैशाख लागला की माझं डोकं फिरतं. त्यात उन्हाचा काही दोष नाही. सगळा जन्म डोंबिवली आणि कल्याणमध्ये काढलेल्या बाईला उन्हाचं काय सांगता! डोकं फिरतं ते केळवणांनी.

परवा सकाळी चहाचा कप हातात होता आणि फोन टुणटुणला. 'केतकीचं केळवण' नावाच्या ग्रुपमध्ये मला घालण्यात आलं होतं. केतकी माझी भाची, मोठ्या भावाची मुलगी, पंचवीस वर्षांची. तिचं लग्न जूनमध्ये आहे. सुलभावहिनीने, म्हणजे तिच्या आईने, ग्रुपवर तक्ता टाकला होता. कुठल्या तारखेला कुणाकडे, दुपारी की संध्याकाळी, आणि त्या दिवशी सगळ्यांनी कुठल्या रंगाचं नेसायचं. तेरा दिवसांत नऊ केळवणं. खाली काकवा, मावश्या, माम्या, चुलत वहिन्या यांचे हात जोडलेले आणि फुलं उधळलेले निरोप. मी तो तक्ता दोनदा वाचला आणि चहा तसाच बेसिनमध्ये ओतला.

आता केळवण म्हणजे काय, तर लग्न ठरलेल्या मुलीला नातेवाइकांनी एकेक करून जेवायला बोलवायचं. ताटाभोवती महिरप मांडायची, गोडाधोडाचं वाढायचं, तिच्या आईची ओटी भरायची, मुलीला साडी द्यायची आणि फोटो काढायचे. केळवणाने कुणाचं वाईट झाल्याचं ऐकिवात नाही. म्हणूनच केळवणावर चिडणाऱ्या बाईला सगळे वेड्यात काढतात. मी वहिनीला फोन करून म्हटलं, "नऊ? त्या पोरीला श्वास तरी घेऊ द्याल का?" तर मागून केतकीचाच आवाज आला, "आत्तू, चिल ना! जेवायचंच तर आहे." तिचंही खरं आहे. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन जगाच्या पाठीवर कुठेही काम करते, तिला नटायला आवडतं, जेवायला आवडतं, आणि तिचं काही अडत नाही. माझं अडलं होतं. चोवीस वर्षांपूर्वीच्या वैशाखात माझी अकरा केळवणं झाली आणि त्या अकरा केळवणांनी माझी पीएच.डी. खाल्ली. हे वाक्य मी याआधी कुणापुढे मोठ्याने बोललेले नाही, कारण ते हास्यास्पद वाटतं हे मलाही कळतं.

मी आज ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. बरं शिकवते, असं मुलं म्हणतात. पण तेविसाव्या वर्षी मला मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ची जागा मिळत होती. अट एकच होती. उन्हाळ्यात दिलेलं एक काम पुरं करायचं आणि मेच्या शेवटच्या शुक्रवारी ते समितीपुढे मांडायचं. मांडलं की जागा पक्की, नाही तर पुढचा उमेदवार. संस्थेतला संगणक आठवड्यातून तीन दिवस मिळायचा, बाकीचं काम घरी बसून, छापून आणलेल्या कागदांवर. मार्चमध्ये हे ठरलं. एप्रिलमध्ये माझं लग्न ठरलं. मुलगा चांगला होता, आजही चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार असेल तर एवढीच की तो फारच चांगला आहे, त्याच्यावर धड चिडताही येत नाही. मुहूर्त जूनच्या पहिल्या आठवड्यातला निघाला. आषाढाच्या आत उरकायला हवं, असं दोन्हीकडचं मत पडलं. माझं मत कुणी विचारलं नाही, असं म्हणणार नाही. विचारलं. "चालेल ना गं?" असं विचारलं. "चालेल ना" या प्रश्नाला नाही म्हणायला जी हिंमत लागते, ती मी भौतिकशास्त्रात खर्च करून बसले होते.

माझं काम दीर्घिकांच्या गुच्छांवर होतं. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा शेकडो, कधी हजारांवर दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकमेकींना बांधून राहतात, तो गुच्छ. त्यांच्या मधली जागा रिकामी दिसते, पण रिकामी नसते. तिथे कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला असतो आणि तो क्ष-किरणांनी चमकतो. सगळ्या दीर्घिकांमध्ये मिळून जेवढं वस्तुमान असतं, त्याच्या कितीतरी पट त्या वायूत असतं, आणि त्याहून कितीतरी पट अशा पदार्थात, जो दिसतच नाही. विश्वाचं वय वाढत गेलं तसे हे गुच्छ कसे बदलले, हा प्रश्न. आधी लहान होते, मग शेजारचे गिळून मोठे झाले. आधी त्यांच्यात निळ्या, नवे तारे जन्माला घालणाऱ्या दीर्घिका पुष्कळ होत्या, पुढे पुढे तांबूस, शांत झालेल्या जास्त. माझा वाटा त्या तापलेल्या वायूचा होता. तेवढ्याच वजनाचा गुच्छ अब्जावधी वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा किती जास्त चमकत होता, ते काढायचं.

आणि हे बघायचं कसं, तर त्यातच सगळी गंमत आहे. एखादा गुच्छ वाढताना, म्हातारा होताना बघत बसायला कुणाचंच आयुष्य पुरणार नाही. मग संस्थेतले माझे सर म्हणाले, लांबचं म्हणजे जुनं. लांबच्या गुच्छाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला अब्जावधी वर्षं लागतात, म्हणून तो आपल्याला त्याच्या तरुणपणी होता तसा दिसतो. जवळचा दिसतो तो आजचा. असे वेगवेगळ्या वयांचे वेगवेगळे गुच्छ घ्यायचे, वयाप्रमाणे रांगेत लावायचे आणि त्या रांगेवरून एकाची जन्मकथा सांगायची. मला हे ऐकून इतका आनंद झाला होता की त्या दिवशी मी स्टेशनवरून घरी चालत येताना एकटीच हसत होते. त्या आनंदाची आज आठवण काढली तरी राग येतो.

पहिलं केळवण मोठ्या काकूने केलं. आई म्हणाली, "तिचा मान पहिला, नाही कसं म्हणायचं?" मी म्हटलं, एक दुपार जाईल, जाऊ दे. ही माझी पहिली चूक, आणि ती आमच्यासारख्या घरांतच होऊ शकते. कारण केळवणाचा नियम असा की एकाकडे गेलात की सगळ्यांकडे जायचं. काकूकडे गेली आणि मामीकडे नाही? मामीकडे गेली आणि चुलतमामीकडे नाही? पहिल्याला हो म्हटलं की ते अकराव्यालाही म्हटलेलं असतं. माणसं प्रेमाने बोलावतात. प्रेमाने चौथी पुरणपोळी वाढतात, प्रेमाने "खा गं, बारीक झालीस" म्हणतात, प्रेमाने दुपारी दोन वाजता "आता पड जरा इथेच" म्हणतात. या प्रेमातून संध्याकाळी सहाच्या आत सुटका नसते. घरी यावं तर आमरसाने डोळे जड झालेले आणि कागदावरचे आकडे एकात एक मिसळलेले.

घरी बसायला जागाही नव्हती. आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत एकच टेबल होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात त्याच्यावर रुखवत आलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, लग्नात मांडायला मुलीकडचे हौसेने वस्तू करतात. माझ्या टेबलावर खोबऱ्याचं तुळशीवृंदावन होतं, साखरेचा मोर होता, आणि आरशाच्या तुकड्याचं तळं करून त्यात कापसाची बदकं सोडलेली होती. मी म्हटलं, हे कपाटावर ठेवू या. तर वहिनी म्हणाली, "मोराची मान मोडेल." मोराची मान मोडू नये म्हणून मी पंधरा दिवस जमिनीवर बसून काम केलं. केतकी तेव्हा वर्षाची होती, रांगायची. तिने माझा एक आलेख चघळून टाकला. तिच्यावर माझा राग नाही. त्या घरात माझ्या कामाची चव घेतलेली ती एकटीच.

आणि मी काही म्हटलं की उत्तर ठरलेलं. "कर की पीएच.डी., कोण नाही म्हणतंय?" आई म्हणायची, सासरचे म्हणायचे, होणारा नवरा फोनवर म्हणायचा, शेजारच्या काकू म्हणायच्या. मला आजवर कुणीही नाही म्हटलेलं नाही. एखाद्याने म्हणायला हवं होतं. तोंडावर नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. "कोण नाही म्हणतंय" म्हणणाऱ्याशी काय भांडणार, तो तर तुमच्या बाजूचा असतो. तो तुमच्या बाजूला बसून, तुमच्या पाठीवर हात फिरवत, तुमची तारीख निघून जाईपर्यंत तुम्हाला जेवायला वाढत राहतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

माझ्या कामाच्या वहीत मी एक टिपण केलं होतं, ते मला शब्दन् शब्द आठवतं. बाहेरची एखादी दीर्घिका गुच्छात येऊन पडते तेव्हा तिथल्या तापलेल्या वायूच्या माऱ्याने तिच्याजवळचा स्वतःचा गार वायू ओरबाडला जातो. तारे तसेच राहतात, तिचा आकार पुष्कळ काळ तसाच दिसतो, ती चमकतही राहते. फक्त नवे तारे जन्मायचे थांबतात. लांबून पाहणाऱ्याला बराच काळ काही कळत नाही. हे लिहिलं आणि मी साडी फॉल लावायला दिली होती ती आणायला गेले. तेव्हा मला त्यात काहीही वाटलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. आता वर्गात हा भाग शिकवताना उदाहरण द्यायचा मोह होतो आणि मी देत नाही. दीर्घिकांना सासर नसतं. त्यांनी काही चूक केलेली नसते आणि त्यांना कुणी "चालेल ना?" असंही विचारलेलं नसतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात माझं तीन दिवसांचं काम उरलं होतं. ते काम असं. आपल्या दुर्बिणीला लांबचे गुच्छ दिसतात, पण त्यातले प्रखरच दिसतात. मंद असतात ते तिथेच असतात, फक्त आपल्या यादीत येत नाहीत. जी यादी हातात येते तिच्यावर विश्वास ठेवला तर वाटतं, जुन्या काळी सगळेच गुच्छ झगझगीत होते. साफ चूक. म्हणून जे दिसले नाहीत त्यांचा हिशेब करावा लागतो. इतक्या अंतरावर, इतक्या मंद प्रकाशाचे किती गुच्छ आपल्या नजरेतून निसटले असतील, ते काढायचं आणि उत्तर दुरुस्त करायचं. हे केलं नाही तर बाकी सगळं काम फुकट. कागद-पेन्सिलीचं काम होतं, शांत जागा आणि तीन दिवस, बस. आणि त्या तीन दिवसांत तीन केळवणं होती. मी ठरवलं की या तिघींना स्पष्ट नाही सांगायचं. पहिली होती नीलूताई, माझी चुलत बहीण, ठाण्याला वर्तकनगरमध्ये. तिच्याकडे जाऊन, तिला समोरासमोर समजावून, जेवून लगेच निघायचं आणि पुढच्या दोन घरी फोन करायचा. नीलूताई एम.एस्सी. होती, केमिस्ट्री, पहिला वर्ग. तिला कळेल, असं मला वाटलं.

वर्तकनगरच्या त्या जुन्या वसाहतीतलं नीलूताईचं घर आता नाही, तिथे टॉवर झालाय आणि ती अठराव्या मजल्यावर राहते. पण ती दुपार मला जशीच्या तशी दिसते. पंखा फिरतोय आणि गरम हवाच खाली लोटतोय. भिंतीशी आम्ही रांगेत बसलोय. टोकाला मोठी काकू, मग आई, मग नीलूताईची जागा, मग वहिनी मांडीवर केतकीला घेऊन, आणि शेवटी महिरपीच्या ताटासमोर मी. काकूला सातवीत स्कॉलरशिप मिळाली होती, हे ती दर लग्नात सांगते. आई मॅट्रिकला गणितात शाळेत पहिली आली होती. वहिनीने बी.कॉम.नंतर एक परीक्षा अर्धी सोडली होती. आणि पहिल्या वर्गातली नीलूताई गुलाबजामच्या पाकाचा थेंब दोन बोटांत धरून म्हणत होती, "बघ, एकतारी झाला." सगळ्या म्हणाल्या, "काय हात आहे गं तुझा!"

मी त्या रांगेकडे पाहिलं आणि मला सगळं लख्ख दिसलं. वेगवेगळ्या वयांच्या बायका, वयाप्रमाणे ओळीने बसलेल्या. हीच तर पद्धत मी सहा आठवडे वापरत होते. एकीचं आयुष्य बघत बसायची गरजच नव्हती, सगळं एका भिंतीशी मांडलेलं होतं. असंच होतं तर, मला वाटलं. सगळ्यांचंच असं होतं. माझंही होईल, आणि या काही दुःखात दिसत नाहीत, हसतायत, एकमेकींना वाढतायत. मी बोलायला उघडलेलं तोंड मिटलं. नीलूताईने विचारलं, "काहीतरी सांगणार होतीस ना?" मी म्हटलं, "काही नाही. गुलाबजाम मस्त झालेत." मग मी सहा वाजेपर्यंत तिथेच होते. पुढची दोन केळवणंही केली. त्यातल्या एकीने मला मोरपिशी साडी दिली होती, ती मी कधीही नेसले नाही.

शुक्रवारी समितीपुढे उभी राहिले. अर्धं काम चांगलं झालं, हे मला त्यांच्या माना हलण्यावरून कळत होतं. मग समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "लांबचे मंद गुच्छ तुमच्या यादीत आलेच नाहीत. त्यांचं काय केलंत?"

"ते राहिलंय," मी म्हटलं.

"किती दिवसांचं काम आहे?"

"तीन."

"मग केलं का नाही?"

काय सांगणार होते? मोराची मान सांगणार होते, की एकतारी पाक? मी म्हटलं, "घरी अडचण होती." लगेच त्यांचे चेहरे मऊ झाले. एकांनी हळूच विचारलं, "कुणी आजारी आहे का?" मी म्हटलं, "नाही. लग्न आहे. माझंच." तर सगळे हसले. खरंखुरं, प्रेमाने हसले, आणि म्हणाले, "अरे वा, अभिनंदन!" माझी फाईल त्या अभिनंदनानेच बंद झाली. जागा दुसऱ्या मुलाला गेली. वर्षभराने त्याने तेच काम पुरं करून छापलं, चांगलं केलं होतं, मी वाचलं. माझे तीन दिवस त्याच्या लेखात दीड पान झाले होते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, असं मला सांगितलं होतं. पुढच्या वर्षी मी कल्याणला सासरी होते आणि मला थोरल्याच्या वेळचा सातवा महिना होता. कोण नाही म्हणतंय, असं तेव्हाही सगळे म्हणत होतेच.

तर चोवीस वर्षं मी ही अशी चिडत आले. काकूवर, आईवर, वहिनीवर, रुखवतावर. आणि परवा वहिनीचा तो तक्ता पाहता पाहता एकाएकी माझ्या लक्षात आलं की नऊ घरांत शरयूआत्याचं घर नाही. ग्रुपमध्ये तिचा नंबरही नाही. शरयूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती नवऱ्याला सोडून निघाली, माहेरी चार महिने राहिली, मग वागळे इस्टेटमधल्या एका औषधांच्या कंपनीत गोळ्या तपासायच्या लॅबमध्ये लागली आणि ठाण्यातच कोपरीत खोली घेऊन एकटी राहिली. निवृत्त झाली तेव्हा तिच्या हाताखाली बारा माणसं होती. तिला आमच्याकडे कुणी वाईट बोललं नाही. तोडलंही नाही. फक्त शुभकार्याआधीच्या याद्यांत तिचं नाव यायचं नाही, आणि का येत नाही हे कुणी विचारायचं नाही.

मी पुन्हा फोन केला. वहिनी म्हणाली, "अगं, त्यांना कशाला या वयात दगदग? लग्नाला येतीलच की. साडी पाठवणार आहोत आपण."

"माझ्या वेळेलाही ती नव्हती."

"असेल. आता एवढं कुणाला आठवतंय?"

मला आठवत होतं. वर्तकनगरची ती भिंत, ती रांग, आणि तिच्यात नसलेली शरयूआत्या. ती रांगेत असती तर मी "सगळ्यांचंच असं होतं" असं म्हणू शकले असते का? जे यादीत आले नाहीत त्यांचा हिशेब केल्याशिवाय उत्तर काढायचं नाही, हे ज्या मुलीला त्या आठवड्यात अख्ख्या घरात सगळ्यात जास्त माहीत होतं, तिनेच समोर दिसल्या तेवढ्या चार बायका मोजल्या आणि आपल्या आयुष्याचं उत्तर काढून मोकळी झाली. मला इतका संताप आला की मी तशीच चपला घालून निघाले. आता आत्याला घेऊन यायचं, नऊच्या नऊ केळवणांना पहिल्या ताटावर बसवायचं, आणि कुणी नाक मुरडलं तर त्याची खैर नाही, असं मनाशी घोकतच मी ठाण्याला उतरले आणि कोपरीच्या बाजूला बाहेर पडले.

शरयूआत्या शहात्तर वर्षांची आहे. दार तिनेच उघडलं. खिडकीशी एक जुनं लाकडी टेबल, त्यावर दिवसाचं वर्तमानपत्र आणि चष्मा. मी बसायच्या आतच बोलायला सुरुवात केली. केतकीचं लग्न, तो तक्ता, वहिनीचं बोलणं, माझ्या वेळची केळवणं, सगळं एका दमात. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मला नको गं ती केळवणं. तिथे बसून कुणाकुणाच्या गुडघ्यांबद्दल ऐकायचं! तू पाणी पी आधी."

"पण तुला राग नाही येत?"

"यायचा. मग ड्यूटीची वेळ व्हायची." ती समोर बसली. "ते आकाशाचं काहीतरी करत होतीस ना तू? आमचा दादा, तुझे बाबा, म्हणालेला एकदा. त्याचं काय झालं मग?"

चोवीस वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला. मी सांगितलं. गुच्छ सांगितले, तापलेला वायू सांगितला, जे दिसत नाहीत त्यांचा हिशेब सांगितला. ती लॅबमध्ये आयुष्य काढलेली बाई, मधेच म्हणाली, "म्हणजे पास झालेल्याच गोळ्या मोजून चालत नाही, तसंच ना?" तिला एका मिनिटात कळलं. मग मी ते तीन दिवस सांगितले, टेबलावरचं रुखवत सांगितलं आणि जमिनीवर मांडलेले कागद सांगितले.

मग तिने टेबलावर हात ठेवला. "तीन दिवस? मी साडेसातला निघायचे, यायला सहा वाजायचे. हे सगळं रिकामंच असायचं. किल्ली शेजारी दिलेली असायची. नुसतं येऊन बसायचंस."

"मला सुचलंच नाही गं, आत्या. मला कुणी म्हटलंच नाही की तुझ्याकडे जा. तुला बोलवायला हवं होतं त्यांनी. लोकलने अर्धा तास तरी लागत होता का? साधं येऊन आमंत्रण करायला काय झालं होतं आईला, काकूला? मला तर इतकी चीड येतेय सगळ्यांची..."

"त्यांचं सोड," शरयूआत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उजळणी करावी तसं ती बोलत होती. "तुझी पत्रिका मला पोस्टाने आली. सख्ख्या भाचीच्या लग्नाची पत्रिका, डोंबिवलीहून कोपरीला, तिकीट लावून. वहिनीने, तुझ्या आईने, टाकली असेल, म्हटलं चालायचंच. मग मी पाकीट उलटं केलं. त्याच्यावरचं अक्षर तुझं होतं."